निळ्या ड्रमची वाटणी

भाग्येशला एका रेड्याचा हेवा वाटत होता, आणि हे कुणाला सांगण्यासारखं दुखणं नव्हतं. माणसाने चुलतभावाचा हेवा करावा, त्याला समाजात मान्यता आहे. भाग्येश तोही करत होता. पण रेडा चुलतभावाचाच असल्यामुळे दोन्ही हेवे एकाच गोठ्यात बांधता येत होते, एवढीच काय ती सोय.

कळसाडीत रेड्याला हेला म्हणतात. या हेल्याला मात्र सगळे साहेब म्हणायचे. भाग्येशचा चुलतभाऊ भूपेंद्र याने त्याला थेट मेहसाण्याहून आणला होता. नाव कुणी ठेवलं नाही, ते पडलं. म्हैस घेऊन आलेल्या माणसाने गोठ्याच्या दारात ताटकळायचं, साहेब रवंथ करत समोरच्या भिंतीकडे बघत राहणार, आणि मर्जी झाली की वर्षाचं काम क्षणात उरकून पुन्हा भिंतीकडे बघणार. ज्यांनी आयुष्यात सरकारी कचेऱ्यांचे हेलपाटे घातले होते, त्यांना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. म्हशी गाभण करायला इंजेक्शनची सोय झाली होती, पण लोकांचा विश्वास साहेबांवर. पार धानोऱ्याहून म्हशी टेम्पोत उभ्या राहून यायच्या.

भाग्येशची बायको चारुलता रोज सकाळी शिळी भाकरी घेऊन भिंतीपलीकडे साहेबांकडे जायची. एकदा तिथूनच ती सहज म्हणाली, "काय डौल शे ना याना!"

भाग्येश दात घासत होता. ब्रश तोंडातच राहिला.

"मन्हाबद्दल असं कधी म्हनी नही तू," तो म्हणाला.

"तुम्ही कधी असा उभा ऱ्हायनात का?" चारुलताने विचारलं.

त्या दिवशी भाग्येश कपाटाच्या आरशासमोर बराच वेळ आडवा-उभा, सगळ्या बाजूंनी उभा राहून बघत होता. मान थोडी खाली घातल्यावर जरा बरं दिसत होतं. पण मग समोरचं दिसत नव्हतं.

दोन्ही घरांमध्ये एकच भिंत होती. पूर्वी ते एकच घर होतं. मग भाग्येशचे वडील नथ्थूआप्पा आणि त्यांच्या भावाने वाटणी केली आणि ती इतकी काटेकोर केली, की अंगणातल्या निंबाच्या फांद्यासुद्धा वाटून घेतल्या. उगवतीकडच्या फांद्या भूपेंद्रकडे, मावळतीकडच्या भाग्येशकडे. वारा सुटला की निंबोळ्या सीमा ओलांडायच्या आणि भांडण व्हायचं. पुढे नथ्थूआप्पा वारले, पण वाटणी जिवंत राहिली, कारण धनुबाई जिवंत होती.

धनुबाई म्हणजे भाग्येशची माय. तिचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: भिंतीपलीकडे जे येईल ते भिंतीअलीकडेही आलं पाहिजे. पलीकडे ट्रॅक्टर आला, अलीकडे ट्रॅक्टर आला. पलीकडे डिशची छत्री चढली, अलीकडेही चढली, आणि एक वीत उंच चढली. पलीकडे भूपेंद्रला मुलगा झाला, पाठोपाठ मुलगी झाली. अलीकडे मात्र तिथेच गाडी अडली.

चारुलताला शहाद्याला दाखवून झालं, नंदुरबारला दाखवून झालं, सुरतेला दाखवून झालं. तिन्हीकडे एकच उत्तर: बाईंमध्ये काही दोष नाही. धनुबाईचं म्हणणं, डॉक्टर नीट बघतच नाहीत. भाग्येश प्रत्येक वेळी सोबत जायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून पाण्याच्या बाटलीची राखण करायचा. सुरतेच्या डॉक्टरबाईंनी त्यालाही आत बोलावलं होतं, तेव्हा तो नेमका गाडीत हवा भरायला गेला होता. ते बसने आले होते.

आणखीही एक गोष्ट होती, जी फक्त त्या दोघांना ठाऊक होती. गेल्या वर्षभरापासून मूल होण्याचा किंवा न होण्याचा प्रश्नच निघत नव्हता. प्रश्नापर्यंत पोचायच्या आधीच भाग्येश कूस बदलून म्हणायचा, "आज मोटरवर लई दमनू." शेतातली मोटर मोबाइलवरच्या बटणाने चालू व्हायची. चारुलता मात्र सकाळी साहेबांना भाकरी नेताना थोडं तूप लावायला लागली होती.

आता निळ्या ड्रमबद्दल.

भाग्येशच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात भूपेंद्रचा शालक गुजरातेतल्या कुठल्याशा गोदामातून दोन निळे ड्रम घेऊन आला. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण, झाकणावर लोखंडी कडं. बोटाच्या पेराने ठोकलं तर नगाऱ्यासारखा आवाज. त्या काळात कळसाडीत नळाला पाणी एकाआड दिवस यायचं, तेही नळाला वाटलं तर, त्यामुळे असा ड्रम म्हणजे घराची शान होती. लग्न जुळवताना लोक शेती बघायचे, मग मागच्या दारी जाऊन ड्रम बघायचे.

"यामा पहिले काय व्हतं?" कुणीतरी विचारलं होतं.

"कपाशीनं औषध व्हतं," शालक म्हणाला. "धुई टाकं की गयं."

मग राख आणि चिंच लावून ड्रम घासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासले. भूपेंद्रने आत डोकं घालून वास घेतला आणि जाहीर केलं की वास येत नाही. ज्याला वास नाही ते तिथे नाही, हा कळसाडीचा शास्त्रीय निकष होता आणि तो आजवर कुणी खोटा पाडला नव्हता.

एवढ्यात धनुबाई अंगणात आली. तिने दोन ड्रम पाहिले, दोन घरं पाहिली आणि त्यातल्या एका ड्रमवर जाऊन बसली.

"काकू, मन्हा शालकनी आनेल शेतस," भूपेंद्र म्हणाला. "यामा वाटणी कसानी?"

"मी कोठे वाटणी म्हनी? मी बठेल शे फक्त."

ती दुपारपर्यंत बसली. भूपेंद्रच्या बायकोने, रूपालीने, तिला तिथेच जेवायला वाढलं. ती जेवली आणि बसली. दुपार कलल्यावर भूपेंद्रने हात टेकले, पण काकूला उठवायची कुणाची छाती होईना. तेव्हा त्याने आणि भाग्येशने दोन्ही बाजूंनी धरून ड्रम धनुबाईसकट उचलला आणि अलीकडच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. गल्लीतल्या लोकांनी वाट करून दिली. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. भाग्येशला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण भूपेंद्रच्या बरोबरीला आलो.

तेव्हापासून भाग्येशच्या घरी त्याच ड्रमचं पाणी. पिण्याला, भाजीला, चहाला. दवाखान्यात न्यायची बाटलीही त्यातलीच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला पितरांसाठी घागर भरतात, ती नथ्थूआप्पांची घागरसुद्धा त्यातूनच भरली जायची. अर्थात त्यांना आता त्याने काही फरक पडणार नव्हता. पलीकडच्या घरी पुढे पाण्याचं फिल्टर आलं, तेव्हा धनुबाईने आयुष्यात एकदाच तत्त्वाला मुरड घातली. "आपलाकडे ड्रम शे," ती म्हणाली. भूपेंद्रकडे उरलेला एकच ड्रम मात्र पहिल्या दिवसापासूनच गोठ्यात गेला होता. उन्हातान्हात, साहेबांच्या पाण्यासाठी.

या हिवाळ्यात साहेबांचं बिनसलं.

आधी कुणाला कळलं नाही, कारण साहेब पूर्वीही ताटकळत ठेवायचेच. मग संक्रांतीच्या सुमारास शहाद्याचा टेम्पोवाला जाकीर धानोऱ्याची एक म्हैस घेऊन आला. साहेब उठले. दोन पावलं पुढे आले. म्हैस हुंगली, मान वर केली, ओठ मुडपला. सगळं रीतसर. आणि मग काहीतरी विसरल्यासारखे उभे राहिले. बराच वेळ. शेवटी वळून आपल्या भिंतीकडे बघायला लागले.

"क्या साहेब, आज मीटिंग है क्या?" जाकीर म्हणाला.

कुणी हसलं नाही, कारण म्हैसवाला रागावला होता. फक्त भिंतीवरून एक डोकं दिसत होतं आणि त्या डोक्यावर असा काही उजेड पसरला होता, की जाकीरने दोनदा वळून पाहिलं. ते डोकं भाग्येशचं होतं.

पुढचे दोन महिने भाग्येशचे सुखाचे गेले. म्हशी यायच्या आणि तशाच जायच्या. भाग्येश भिंतीपाशी खुर्ची टाकून बसायचा. भूपेंद्रचं तोंड बघून त्याला भूक लागायची. गावात कुणी साहेबांचा विषय काढला की तो उसासा टाकून म्हणायचा, "वय व्हयनं आते," आणि घरी येऊन एक भाकरी जास्त खायचा. एकदा तर तो स्वतः साहेबांसमोर जाऊन उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि खांद्यावर थोपटलं. दोघांनाही काही बोलायची गरज वाटली नाही.

पण सुख टिकलं नाही. चारुलताने त्याची माती केली.

ती आता साहेबांना भाकरीबरोबर गूळ न्यायला लागली. मग मेथीचे लाडू. "बिचारानं तोंड उतरी गयं," ती म्हणायची आणि पदराने त्याच्या शिंगांवरची धूळ पुसायची. गल्लीतून जाणारा-येणारा साहेबांची चौकशी करून जायचा. कुणी अंगारा आणून दिला. आजारी पडल्यावर साहेबांची किंमत दुपटीने वाढली होती.

"मन्हाकरता कधी लाडू कया नही तू," भाग्येश एका सकाळी म्हणाला.

चारुलता कणीक मळत होती. तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं.

"तुम्हले काही व्हयेल शे का?" तिने शांतपणे विचारलं.

ही विचारपूस नव्हती. ही संधी होती, आणि ती तिने चांगला बराच वेळ उघडी ठेवली.

"मले काय व्हई?" भाग्येश म्हणाला आणि मोबाइलवरचं बटण दाबून शेतातली मोटर चालू केली. पाण्याची पाळी उद्या होती.

त्याच आठवड्यात धनुबाईने ओट्यावर बसून, निंबाच्या मावळतीकडच्या फांद्यांकडे बघत, जाहीर केलं, "आखाजीले बहूले माहेरले धाडूत. सगळा पोरी जातस. मंग लयना का नही लयना ते देखूत."

म्हणजे सुनेला सणाला माहेरी पाठवू, पुढे परत आणायची की नाही ते बघू. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात आणि परत येतात. चारुलताला आत स्वयंपाकघरात सगळं ऐकू गेलं. तिने ड्रममधून तांब्याभर पाणी घेतलं, प्यायली, आणि तांब्या पालथा ठेवला. भाग्येश ओट्यावरच होता. त्याने निंबाकडे पाहिलं. त्याच्या बाजूची एकही फांदी त्या दिवशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हती.

भूपेंद्रने अंगाऱ्यावर न थांबता डॉक्टर बोलावली. डॉ. चेतना तरुण होत्या, जनावरांच्या प्रजननावर अभ्यास करत होत्या आणि त्यांच्या बुटांना कसलीच भीती वाटत नव्हती. पहिल्या भेटीत त्यांनी साहेबांना सगळीकडून तपासलं. भाग्येशने भिंतीवरून पाहिलं. जे काही चाललं होतं ते पाहून त्याने नकळत पाय जुळवून घेतले. साहेब मात्र हलले नाहीत. रक्त दिलं, शेपटी उचलू दिली, तोंडातून हूं की चूं नाही. जाताना डॉक्टर ड्रमपाशी थांबल्या, बाटलीत त्याचं पाणी भरून घेतलं आणि विचारलं, "यात आधी काय होतं?"

"औषध," भूपेंद्र म्हणाला. "पन धुयेल शे, मॅडम. दोनदा."

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि गेल्या.

आखाजी चार-पाच दिवसांवर आली असताना त्या परत आल्या. निंबाखाली खाटा टाकल्या. सणाच्या सांजोऱ्या चालू होत्या, त्यामुळे दोन्ही घरची माणसं बाहेरच होती. म्हैस घेऊन आलेला जाकीरही बसला. पलीकडचं दूध नासलं होतं, म्हणून रूपालीने भिंतीवरून आवाज दिला आणि चारुलता अलीकडे चहा टाकायला आत गेली.

"साहेबांची तब्येत चांगली आहे," डॉ. चेतना म्हणाल्या. "वजन चांगलं, जनावर धट्टंकट्टं. इच्छाही आहे."

"इच्छा शे?" धनुबाईने विचारलं आणि पदर तोंडात धरला.

"आहे. उन्हाळ्यात हे सुस्तावतात, पण याचं हिवाळ्यातच सुरू झालं. त्यामुळे आमचा संशय पाण्यावर आहे. ड्रमच्या पाण्यात कीटकनाशकाचा अंश सापडला. आणि प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातूनही काही रसायनं पाण्यात उतरतात."

"पन वास येस नही," भूपेंद्र म्हणाला.

"वासाचा संबंध नाही, भूपेंद्रभाऊ. शरीर आपल्या अवयवांना हुकूम पाठवतं, त्याला हॉर्मोन म्हणायचं. हुकमावर सही-शिक्का असतो. ही रसायनं खोटा शिक्का मारून येतात. अवयवाला वाटतं, वरूनच आला हुकूम. आणि जननेंद्रियांकडे ज्या बारीक नसा जातात, त्या या हॉर्मोनच्या भरवशावर धड राहतात. खोटे हुकूम खाऊन खाऊन त्या नसा बिघडू शकतात. जनावरांवरच्या अभ्यासांत हे दिसलं आहे. नराच्याही, मादीच्या गर्भपिशवीच्याही नसांमध्ये."

भूपेंद्रने डोकं खाजवलं. "म्हंजे मोटर चांगली शे. डीपीमा करंट बी शे. मधली केबल गयी."

"जवळजवळ," डॉक्टर म्हणाल्या. "साहेबांच्या बाबतीत हेच कारण आहे असं मी छातीठोक सांगत नाही. पण ड्रम आज काढा. सिमेंटची टाकी बांधा. काही महिन्यांनी परत तपासू. सुधारूही शकतो."

"और इन्सान का?" जाकीरने सहज विचारलं. त्याला प्रत्येक गोष्टीचं भाडं दोन्ही बाजूंनी काढायची सवय होती.

"माणसांवर अभ्यास चालू आहेत. पक्कं सगळं कळलेलं नाही. पण असल्या ड्रमचं पाणी माणसाने पिऊच नये, हे कळायला अभ्यास लागत नाही." मग त्यांनी वहीत बघत विचारलं, "असा एकच ड्रम होता ना?"

निंबोळी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि ती कुणाची हा वादही झाला नसता. भूपेंद्रने रूपालीकडे पाहिलं. रूपालीने धनुबाईकडे पाहिलं. धनुबाईने आकाशाकडे पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा भाग्येशच्या घराच्या उघड्या दाराकडे वळल्या. आत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ड्रम दिसत होता. निळा, चकचकीत. झाकणावर हळद-कुंकवाची बोटं. कड्याला अडकवलेला तांब्या.

तिथून त्या नजरा भाग्येशवर आल्या. मग साहेबांवर. मग परत भाग्येशवर.

"आम्ही पेतस नही त्यातलं," भाग्येश म्हणाला. "तो शोभाना शे."

त्याच क्षणी चारुलता ट्रे घेऊन बाहेर आली. तिने सगळ्यांच्या हातात कप दिले. डॉक्टरांना, भूपेंद्रला, जाकीरला, सगळ्यांना. सगळ्यांनी कप तोंडाशी नेले. मग ती म्हणाली, "त्याच पानीना चहा शे."

सगळे कप हवेत थांबले. जाकीरने आपला कप अलगद खाटेखाली ठेवला. भूपेंद्रने फुंकर घातली, प्यायचा म्हणून नव्हे, काहीतरी करायचं म्हणून. दुर्दैवाने डॉक्टरांनी एक घोट घेतला होता. त्यांनी तो गिळला. त्या सरकारी पाहुण्या होत्या, दुसरा पर्याय नव्हता.

भाग्येशच्या डोक्यात मात्र हिशोब सुरू झाला होता. ड्रम आला तो उन्हाळा. लग्न. भूपेंद्रची दोन्ही पोरं ड्रमच्या आधीची. भूपेंद्रच्या घरात फिल्टर. म्हणजे भूपेंद्रच्या घरातलं ते पाणी फक्त एकजण पीत होता. भूपेंद्रच्या बरोबरीसाठी मायने ड्रमवर बसून बाजी मारली होती, आणि बरोबरी झालीही होती. फक्त ती साहेबांशी झाली होती.

गोठ्यात साहेबांनी मान वळवली आणि भाग्येशकडे पाहिलं. भाग्येशला वाटलं, त्या नजरेत ओळख आहे.

"साहेब बरा व्हई का, मॅडम?" चारुलताने विचारलं. रिकामा ट्रे तिच्या छातीशी होता.

"होऊ शकेल. लवकर दाखवलंत ते बरं झालं. आणि जनावर शहाणं आहे. तपासताना जरासुद्धा अंग चोरलं नाही."

चारुलताने मान हलवली. तिने भाग्येशकडे पाहिलं नाही. निंबाच्या बुंध्याकडे बघत ती एवढंच म्हणाली, "हां. साहेबनी एक दिनमा तपासी लिधं. लाजना नही. मन्हा तीन गाव फिरी व्हयनात." आणि ती आत गेली. आत खोलीत, पलंगावर माहेरी न्यायची बॅग उघडी पडली होती, तिची चेन लावल्याचा आवाज आला.

तो आवाज फार लांबला. ती चेन एवढी मोठी नव्हती, पण भाग्येशला ती शहाद्यापासून सुरतेपर्यंत लागत गेल्यासारखी वाटली.

आणि त्याचा तो जुना, ओळखीचा हेवा पुन्हा पेटला. डौलाचा हेवा त्याने सहन केला होता. लाडवांचासुद्धा. पण हेला धीट आणि आपण भित्रे? एका हेल्याने शेपटी उचलून दिली, आणि आपण गाडी नसताना गाडीत हवा भरायला गेलो?

तो खाटेवरून उठला. शर्टाची बाही वर केली. डॉक्टरांसमोर जाऊन हात पुढे केला.

"मॅडम, मन्हं बी रक्त ल्या."

"मी जनावरांची डॉक्टर आहे," डॉ. चेतना म्हणाल्या.

"चालई."

"तुम्हाला चालेल हो. मला चालणार नाही." मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज बदलला. "नंदुरबारला माणसांचे डॉक्टर आहेत, भाऊ. आधी साधी तपासणी करतात, मग रक्त. गरज पडली तर नसांचंही बघतात. ड्रमच असेल असं नाही, दुसरंही काही असू शकतं. पण जा. दोघं जा."

"मन्हा पोऱ्याले काय व्हयेल शे?" धनुबाई उसळली. "चांगला खास, चांगला पेस!"

"माय," भाग्येश म्हणाला, "पेस तेच तर व्हयेल शे."

धनुबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. कळसाडीच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडत होतं, त्यामुळे कुणाला पुढे काय करायचं ते कळेना. जाकीरने टोपी काढून परत घातली.

"आनि एक सांगस," भाग्येश सगळ्यांसमोर, चुलतभावासमोर, टेम्पोवाल्यासमोर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आखाजीले चारू जाई तं मी बी जासू तिन्हासंगे. आनि संगेच परत येसू. तिन्हामा काही खोट नही शे. वरीसभर मीच..." त्याने गोठ्याकडे हात केला. "मी बी साहेबसारखाच."

एवढं कुणी मागितलं नव्हतं. पण आता सांगून झालं होतं, आणि गाव तसं लहान आहे.

भूपेंद्र हसेल असं भाग्येशला वाटलं होतं. भूपेंद्र हसला नाही. तो उठला, भाग्येशजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भो, तो ड्रम मीच आनाले सांगेल व्हता. काकू बठनी नसती तं मन्हा पोरं पेतात." मग त्याला राहवलं नाही. "पन डौल तुले कधी नही येवाना," तो म्हणाला.

आतमध्ये चेन पुन्हा एकदा वाजली. या वेळी उलट्या दिशेने. मग चारुलता बाहेर आली आणि धनुबाईने काही म्हणायच्या आत तिने भाग्येशचा, डॉक्टरांचा आणि सगळ्यांचा चहा मोरीत ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडाधड आवाजाने गल्ली जागी झाली. धनुबाई अंगणात उभी होती. हातात पहार. समोर निळा ड्रम आडवा. तिने तो परत भिंतीपलीकडे ढकलून पाहिला होता, रूपालीने तो अलीकडे ढकलला होता. भंगारवाल्याला द्यावा, तर तो कुणाला तरी विकणार आणि ते कुणीतरी त्यात पाणी भरणार, असं डॉक्टर सांगून गेल्या होत्या. तेव्हा धनुबाई पहारीने त्याला भोकं पाडत होती. एक भोक, दुसरं भोक. दर भोकाला ती काहीतरी पुटपुटत होती. भाग्येश जवळ गेला तेव्हा त्याला ऐकू आलं, ती नथ्थूआप्पांची माफी मागत होती, घागरींबद्दल. चारुलता शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा तिने पहार तिच्या हातात दिली. चारुलताने जे तडाखे मारले ते बघून भाग्येश दोन पावलं मागे सरकला.

मग पलीकडून भूपेंद्रने साहेबांचाही ड्रम आणून दिला. वाटणीत सगळं सारखं.

आखाजीच्या आदल्या दिवशी जाकीरचा टेम्पो दारात लागला. साहेबांना नंदुरबारला दाखवायचं होतं, डॉ. चेतनांनी तिथे यंत्रावर तपासायला बोलावलं होतं. भाग्येश आणि चारुलतालाही तिकडेच जायचं होतं. पुढे जाकीरशेजारी एकच जागा होती. ती चारुलताला मिळाली. भाग्येश मागे साहेबांबरोबर उभा राहिला. उसाच्या आणि केळीच्या शेतांमधून टेम्पो हेलकावे खात निघाला. रस्त्याने भेटणारे लोक हात करत होते. भाग्येशने आधी आपल्यालाच समजून हात हलवला, मग त्याच्या लक्षात आलं की ते साहेबांना हात करतायत.

जनावरांच्या दवाखान्यात साहेबांना रांगच नव्हती. फाटक उघडलं, साहेब डुलत-डुलत आत गेले. भाग्येशला पुन्हा हेवा वाटला. ही सवय एका दिवसात जाणारी नव्हती.

माणसांच्या दवाखान्यात मात्र रांग होती. बाकावर बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारी एक-एक नवरा पाण्याच्या बाटलीची राखण करत होता. भाग्येशने ते सगळे नवरे पाहिले. एक जण नेमका उठून हवा भरायला चालला होता.

खिडकीमागच्या बाईने वर न बघता, सवयीने, चारुलताकडे पेन रोखलं. "पेशंटचं नाव?"

चारुलताने तोंड उघडलं. भाग्येशने नव्या स्टीलच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि ती बाटली तिच्या हातात दिली.

"ही धर," तो म्हणाला. मग खिडकीत वाकला, मान थोडी खाली घालून, जरा आडवा उभा राहून. "भाग्येश. पेशंट मी शे."

चारुलता बाकावर जाऊन बसली. तिने बाटली मांडीवर ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय डौल शे," ती म्हणाली. शेजारच्या बाईला वाटलं ती बाटलीबद्दल बोलतेय.